गिरणीच्या फाटकावरचं बोलणं

प्रिय क्लॅरिस,

नाताळ नसताना माझं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असंच तुला वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. उलट मंगळवारी आपलं अख्खं गाव परत आलं गं.

झालं असं, की जुनं चॅपल पाडताना तळघरात फिल्मचे डबे सापडले. गिरणीमालकाच्या मुलाने १९३५ साली हौसेने काढलेल्या फिल्म होत्या त्यात. मंगळवारी दुपारी ग्रंथालयात त्या दाखवल्या. बाई गं, क्लफ गिरणी उभी! तिथे आता गाड्या लावतात. पण पडद्यावर पाचही मजले, धुराडं, धूर, सगळं होतं. बाजाराचा घड्याळाचा मनोरा जागच्या जागी. साठीची बाई मी, आ वासून बसले.

संग्रहालयाची बाई म्हणाली, “माफ करा हं, फिल्मला आवाज नाहीये.” एवढ्यात पडद्यावर गिरणीचं फाटक उघडलं, कामगार बाहेर आले, आणि मी नि शेजारची नेली खो-खो हसायला लागलो. ती बाई बघतच राहिली. तिला काय ठाऊक! मागांच्या खडखडाटात कानांचा उपयोगच नसायचा. आम्ही विणकरणी ओठांनी बोलायचो आणि डोळ्यांनी ऐकायचो. पडद्यावरची पहिलीच बाई मालकाच्या लेकाला म्हणत होती, “ए शहाण्या, हो बाजूला, घरी चहा वाट बघतोय!” कधीच मातीत गेलेली माणसं बडबडत होती, आणि त्या भरल्या खोलीत ते फक्त आम्हा दोघींना ऐकू येत होतं.

मग आई आली. माझ्या मुलीपेक्षाही लहान दिसत होती.

ही फिल्म काढली तेव्हा तुला टोरांटोला मेबलमावशीकडे धाडून तीनच महिने झाले होते. बाबा गेले, आपणा दोघी बहिणींची पोटं भरेनात, म्हणून सहा वर्षांची तू गेलीस. पुढे पत्रात विचारायचीस, आई माझी आठवण काढते का? मी लिहायचे, नाही. ते खोटं नव्हतं. घरात तिने पुन्हा कधी तुझं नाव घेतलं नाही. आईने मला टाकलं म्हणून तू तिच्या मातीलाही आली नाहीस. मलाही तेव्हा तुझंच खरं वाटलं होतं.

पण पडद्यावर ती गर्दीतून वाट काढत थेट कॅमेऱ्यापुढे आली. ही चित्रं परदेशातही दाखवतात, अशी कोणीतरी तिला थाप मारली असणार. बाकीचे खिदळत होते, ती नाही. तुला ओठ वाचता येत नाहीत, हे त्या वेडीच्या ध्यानातच आलं नसेल. आमच्यात ते सगळ्यांना यायचं ना! सावकाश, एकेक शब्द घडवत ती म्हणाली, “क्लॅरिस, बाळा, तुझी खाट मी कोणाला दिली नाहीये. करमलं नाही तर कळव. मी न्यायला येते.” नेलीने माझा हात घट्ट धरला. संग्रहालयाच्या बाईने विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी म्हटलं, निरोप आहे, तुमच्यासाठी नाही. तो तुला पोचवायला एक्कावन्न वर्षं लागली, क्लॅरिस.

तुझीच,
हिल्डा