इंजिनाचं सुतक

अहो,

जन्मात कधी तुमचं नाव घेतलं नाही, आता पत्रावर तरी कसं लिहू? तुम्ही ओळखालच. लिहायचं कारण एवढंच, की आज आपली पिठाची गिरणी चालू झाली, अन् ती मी चालू केली. देऊळघाटात कोणाच्या पोटात दुखत असंल, तर दुखू द्या!

तेरावं झाल्यावर तुमच्या धाकट्या भावानं चाक फिरवून पाह्यलं. इंजिन फुसफुसे अन् बसे. "वहिनी, इंजिनानंही दादासंगं जीव सोडला," म्हणे, अन् मलकापूरचा दलाल बोलावला. मले विचारलं कोणी? गिरणी गेली तर मी अन् पोरी खाऊ काय?

मग काऊन शिकवलं होतं मले सगळं? भाकर खाता खाता तुम्ही सांगत, "हे पाय, दट्ट्या खाली जाते, हवा आत ओढते. वर येते, हवा दाबते. त्यात तेल उडालं की भडका! दट्ट्या पुन्हा खाली, चाक फिरते. मग वर येऊन धूर बाहेर फेकते. धूर गेला नाही तं नवी हवा ठेवाची कुठी?" मी म्हणायची, "आधी भाकर आत ओढा!" किती हसायचे तुम्ही.

इंजिन जरा खोकललं की तुमाले ऐकू ये. स्वतःची छाती दुखत होती, ते मले सांगतलं काऊन नाही? याचा राग अजून गेला नाही माहा.

काल तुमचं ते धुराचं बोलणं आठवलं. तुम्ही गेले त्या दिवशी सुतक म्हणून इंजिनावर पांढरं कापड टाकलं होतं, अन् छपरावरच्या धुराच्या नळीत पोत्याचा बोळा कोंबला होता. सुतक फिटलं, कापड काढलं. बोळा कोणालेच आठवला नाही!

आज दलाल अंगणात बसला, भाऊजी सौदा करून राह्यले, अन् मी शिडी लावून छपरावर.

"वहिनी, उतरा! लोक पाहून राह्यले!"

"पाहू दे बे!"

हो, दिराले 'बे' म्हटलं. रागावा खुशाल.

बोळा उपसला. खाली येऊन तुमच्यासारखंच रॉकेलच्या फुरफुरत्या दिव्याच्या जाळावर इंजिनाचं डोकं लाल होईस्तोवर तापवलं, नाही तं तेल पेटते कुठी? पदर खोचला, चाकाले झोका दिला. धाड! मग धाड धाड धाड! छपरावर धूर दिसला अन् मी रडली हो, तेराव्याले रडली नाही इतकी. दलाल उठून बैलगाडीत बसला.

"विधवेच्या हातचं पीठ शुभकार्याले कसं चालंल?" कोणीतरी बोललंच. तेवढ्यात शेजारची फातमाबी गव्हाची टोपली घेऊन पुढं आली. "भाभी, माह्या पोरीच्या लग्नाचं दळण हाय. पयला नंबर माहा."

आता ऐका. येत्या दसऱ्याले इंजिनाले हार मीच घालीन, अन् कुंकूही मीच लावीन. माह्या कपाळाचं पुसलं. त्याच्या चाकाचं कोण पुसते, ते पाहते!

तुमची,
गिरणीवाली