भोंग्यातला रुमाल

प्रिय मिस्त्री,

आपल्या विमानातला तो भोंगा मला अजून ऐकू येतो. चाकं वर असताना इंजिनं मंद केली की कोकलायचा. पण आपल्या कॅप्टनसाहेबांना गोंगाट सोसत नसे, म्हणून त्यांनी त्यात रुमाल कोंबलेला. सर्दी झालेल्या वासराने कोपऱ्यात हंबरावं, तेवढाच आवाज यायचा. मग एके दिवशी आम्ही चाकांशिवायच उतरलो आणि विमानाच्या पोटाखालचा पत्रा धावपट्टीवर फाटत गेला, तो आवाज मात्र सगळ्या विमानतळाने ऐकला.

परवा त्या आवाजाच्या पन्नाशीनिमित्त साहेबांचा सत्कार आहे. पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत 'चौदा प्राण वाचवणारे हात'! वाचवले कोणापासून, तर स्वतःपासूनच. आपणच खड्डा खणायचा, आपणच त्यात पडायचं आणि वर आलो की हारासाठी गळा पुढे करायचा. सोबतच्या पुस्तिकेत अर्ध्या ओळीत तूही आहेस बरं का: 'मेकॅनिकच्या हलगर्जीपणामुळे चाकांचा खटका अडकला.' नाव नाही. पन्नास वर्षांत एकाही शहाण्याला ते विचारावंसं वाटलं नाही.

आणि मी इथे बसून ते पत्र्याचं हँगर आठवतोय. तू पंखाखाली उताणा पडलेला, मी शेजारी डब्यावर बसून शाळेतल्या कविता म्हणतोय, आणि खालून तुझा आवाज, ''कविराज, ग्रीस संपलंय, तुमची कविताच चोळू का बेअरिंगला?'' तेवढा चोखंदळ श्रोता पुन्हा भेटला नाही.

उतरण्याआधीची ती यादी आठवते? सहवैमानिकाने, म्हणजे मी, कार्डावरची एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि कॅप्टनने ते ते करून 'झालं' म्हणायचं. मला कार्ड कशाला लागतंय! मी यादीला चालच लावलेली. इंधन बघा, पाती वळवा, चाकं सोडा, पट्टे आवळा. साहेब मांडीवर ताल धरायचे. तू एकदाच ऐकलंस आणि उखडलास, ''अरे, वाच की मुकाट्याने! पाठ आहे म्हणून कोणी बाटली न बघता औषध पितं का?'' मी तुला अरसिक म्हटलं.

त्या दिवशी विमान घसटत थांबलं तेव्हा पंख्यांची पाती पाकळ्यांसारखी मागे वळली होती. दोघाचौघांना खरचटलं, एका आजोबांची कवळी हरवली, बस्स. प्रवासी उतरत असतानाच साहेबांनी चाकं सोडायचा दांडा आत्ता कुठे हळूच खाली ओढला आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्या सफाईने त्यांनी विमान कधी उतरवलं नव्हतं. मी भोंग्यातला रुमाल उपसून खिशात घातला. चौकशीवाल्यांना दांडा खाली सापडला, चाकं वर, भोंगा ठणठणीत. मग उरलास तूच. ''खटका अडकला असावा,'' अशी साक्ष मी दिली. तुझं लायसन्स गेलं. हत्यारांची पेटी उचलताना तू मला विचारलंस, ''तीनदा दाबून बघितला होता रे मी. कसा अडकला असेल?''

साहेबांना मी जन्मभर नावं ठेवली. त्यात माझी मोठी सोय होती. आता ऐक, एवढ्यासाठीच हे पत्र. त्या दिवशी खाली नदी चमकत होती. मला एक कविता आठवली, तिच्या नादात 'पाती वळवा'वरून मी थेट 'पट्टे आवळा'वर गेलो. चाकांची ओळ मी गाळली. साहेबांनी दांड्याला हात लावला नाही, कारण मी सांगितलंच नाही. तुझा खटका चांगला होता, मिस्त्री. पन्नास वर्षं तो मनातल्या मनात दाबून बघत असशील, आता सोड. रुमाल सोबत ठेवलाय. ज्याला दाखवायचा त्याला दाखव.

तुझाच, पण तुझ्या तोंडाकडे बघायची लाज वाटणारा,
कविराज

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात काठी टेकून, तीन जिने चढून धापा टाकणारे कॅप्टनसाहेब! म्हटलं, सत्काराचं भाषण लिहून घ्यायला आले असतील. आत या म्हटलं तर उंबऱ्यातच उभे. खाली बघत म्हणाले, ''कविराज, मिस्त्रीचा पत्ता आहे का रे तुझ्याकडे?''