फळ्याकडे तोंड

१२ ऑगस्ट

ती. वहिनी,

नमस्कार. आम्ही मजेत आहोत. दादाचा खोकला थांबला का? तुमच्या धाकटीने विणलेली टोपी मिळाली. ती घालून मी पक्का दरोडेखोर दिसतो, असं आमच्या घरातलं मत आहे.

सोमवारी शाळेत पुन्हा रुजू झालो. मानेमागच्या गाठी पोरांना दिसू नयेत म्हणून कित्येक वर्षं मी खेकड्यासारखा आडवा उभा राहून फळ्यावर लिहिलं. मोठे भागाकार तर तोंडीच उरकायचो. गणिताच्या मास्तराला हे शोभत नाही, पण सर्जननी गाठींचा पट्टाच कापून काढला तरी सवय सुटेना.

दवाखाना तुमच्या जवळ, म्हणून महिनाभर तुमच्याकडेच तळ ठोकला. टाके न घालता जखम उघडीच भरू द्यायची होती. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून तुम्ही ड्रेसिंग बदलायचात. मी विचारायचो, "कसं दिसतंय?" तुमचं ठरलेलं उत्तर, "कालच्यापेक्षा बरं."

काल तपासणीला गेलो होतो, पण परतीच्या गाडीच्या घाईत तुमच्याकडे डोकावता आलं नाही. डॉक्टर सहज बोलून गेले, की मध्ये जखम चांगलीच चिघळली होती आणि तुम्ही त्यांना रोज फोन करत होतात. गोळ्या बदलल्या त्या तेव्हाच. मला तुम्ही म्हणाला होतात, जुन्या संपल्या.

घरी येऊन दोन आरसे धरले. इतके दिवस धीरच झाला नव्हता. वहिनी, एका कानामागून दुसऱ्या कानामागे दोन बोटं रुंद गुळगुळीत पट्टा आहे. तिथे केस कधीच येणार नाहीत. मी रडलो. तुमचा रागही आला थोडा. मग आठवलं, त्या दिवसांतही तुम्ही रोज त्याच आवाजात "कालच्यापेक्षा बरं" म्हणत होतात. खरं कळलं असतं तर मी हातपाय गाळून बसलो असतो. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

आज वर्गाकडे सरळ पाठ करून अख्खा भागाकार मांडला. मागून एका मुलीने विचारलं, "सर, लागलं होतं का?"

म्हटलं, "हो. आता बरं आहे."

"मग पुढची पायरी लिहा ना."

लिहिली.

गाठी पुन्हा येऊ शकतात, असं डॉक्टर म्हणाले. हे अजून घरात बोललो नाही. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येतो, त्याच स्टुलावर बसतो. नीट बघा आणि या वेळी खरं सांगा. आता ऐकवेल मला.

ज्याची मान तुमच्या हाती आहे,
तो तुमचा धाकटा दीर