पपईवरचा आळ

बिडकीन
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मेघास मालनबाईचा जयभीम व अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. फोन सोडून सासू पत्र का लिहिते म्हणून हसू नकोस. स्पीकर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की अख्ख्या गल्लीला ऐकू येतं. राजकुमार रोज इथल्या कंपनीत येतो, तर नवऱ्याचा पोस्टमन करायला काय हरकत आहे? पाकीट मात्र डिंकानं नीट चिकटवत जा.

तीनदा तुला दिवस गेले आणि तीनदा तिसऱ्या महिन्यात हातचं गेलं. आता मी कसूर ठेवणार नाही. दारची दोन्ही पपईची झाडं तोडली. कुंपणाजवळचं तिसरंही तोडलं, ते शेजारच्या सर्जेरावांचं निघालं. तू पपई खात नाहीस हे खरं, पण इथं राहायला येतेस तेव्हा वारा लागतच असेल.

परवा तुझी सोनोग्राफी. पोटभर पाणी पिऊन दाबून बसावं लागतं, हे मागच्या वेळेपासून तुझ्या सासऱ्यांना लई लागलंय. सुनेनं एकटीनं का सोसायचं, म्हणून हे, तुझा दीर प्रणय आणि नणंद रत्नमाला असे तिघं पाणी पिऊन येणार आहेत. माझे गुडघे धरलेत, मी येत नाही. काय दिसलं ते तूच लिही. हे घरी येऊन स्वतःचंच सांगतील.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

मालनबाई


छावणी, छत्रपती संभाजीनगर
६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आईंना मेघाचा सविनय जयभीम. वि. वि.

अप्पांनी शब्द पाळला. दवाखान्याच्या बाकावर आम्ही चौघं ओळीनं, मांड्या आवळून. कुणी हलायचं नाही, असा त्यांचा हुकूम. शेजारच्या बाईंनी पेशंट कोण म्हणून विचारलं, तर अप्पा म्हणाले, आम्ही सगळेच.

मग डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून सांगितलं की आजची तपासणी वेगळी आहे, आतून करायची आहे, तिला मूत्राशय रिकामं लागतं. आधी जाऊन या. मी बाहेर येऊन हे सांगायचा अवकाश, तिघंही उठले. दवाखान्यात संडास एकच. आत अप्पा, दाराशी प्रणयभावजी, मागं रत्नमालाताई, आणि जिच्यासाठी हे सगळं ती मी चौथी. भावजींनी दार वाजवलं तर अप्पा आतून म्हणाले, आधी मेघाला जाऊ द्या.

आई, दिसलं ते असं. माझ्या गर्भाशयात मधोमध एक पडदा आहे, जन्मापासूनचा. बाळ त्यावर रुजलं तर त्याला पुरेसं रक्त मिळत नाही, म्हणून टिकत नसावं. दुर्बिणीनं तो कापता येतो. डॉक्टरीणबाईंनी हमी दिली नाही, पण आशा दिली. मी स्कूटर चालवायचे, जिने चढायचे, त्यानं झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही काहीही केलेलं नाही.” मी तिथंच रडले. हे एवढं कुणीतरी म्हणावं म्हणून मी किती दिवस थांबले होते. पपईचंही विचारलं. तिच्यावर उगाच आळ आला.

गुडघ्यांना जपा, आणि माझ्यावरचा लोभ असाच राहू द्या.

आपली मेघा


बिडकीन
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मेघास जयभीम व अ. उ. आ.

पत्र पोचलं. ह्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं होतं की दवाखाना मोठा आहे पण संडासाची सोय नाय. पत्र वाचून दाखवल्यावर ते पपईचं रोप घेऊन सर्जेरावांकडे गेले. सर्जेराव म्हणाले, ह्याला फळ धरेपर्यंत मी बोलणार नाही.

आता लिहिते ते राजकुमारलाही माहीत नाही. त्याच्या आधी माझेही दोन गेले. माझी सासू म्हणायची, तू बांधकामावर पाट्या उचलल्यास म्हणून गेले. पाट्या उचलल्या नसत्या तर खाल्लं काय असतं? पण मला ते खरं वाटलं. अजून वाटतं.

त्या डॉक्टरीणबाईंना विचार, म्हातारीचं आतलं बघतात का. मला काही कापून घ्यायचं नाही. पडदा दिसला तर दिसला, नाही तर नाही. तुला म्हणाल्या ते एकदा मलाही म्हणाल्या तर बरं होईल. गुडघ्यांचं माझं मी बघते.

पाणी पिऊन यायचं की न पिता, तेवढं आधी कळव. ह्यांना मात्र सांगू नकोस, पुन्हा बाटल्या भरतील.

तुझ्या मायेची वाट बघणारी,
मालनबाई