पवळ्याच्या कानाशी फोन

दीपालीच्या बाबांस,

आपला पवळ्या बैल सोमवारी लंपीच्या रोगानं गेला. अंगभर गाठी फुटलेल्या, शेवटी पाणीही गिळवेना. डॉक्टरांनी सांगितलं तसा मीठ-चुना टाकून फणसाखाली पुरला. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही.

काल तुमचा मुंबईहून फोन आला. रोजच्यासारखं म्हणालात, "बैलाच्या कानाशी धर गो जरा." मी रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले आणि फोन माझ्याच कानाशी धरला.

"दमलास काय रे? खातोस ना नीट? गणपतीला येतोय मी."

इतक्या मायेनं मला कधी विचारलं नव्हतंत. माझा मोठा सुस्कारा सुटला.

"दमलाय बिचारा," तुम्ही म्हणालात.

आज पुन्हा विचाराल, म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुमची,
सुगंधा