दोन बटणांची जागा

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाच्या! नवं गाव, नवं घर, नवी नोकरी आणि म्हणून नवी वही. कपाट जिन्यात अडकलं तेव्हा ते कसं तिरकं करायचं हे आईने हमालांना खालून ओरडून शिकवलं, आणि वर त्यांना चहाही पाजला. गुडघ्यांनी दगा दिला असला तरी तोंड शाबूत आहे तिचं.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरची खोली माझी, मागे स्वयंपाकघर, आणि त्याला लागून आईची खोली. आईची खोली! हे दोन शब्द लिहितानाच बरं वाटतंय. भावाकडे तिची खाट व्हरांड्यात होती, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागायचा. तुला दार लावून घेता येईल अशी खोली देईन, असं मी तिला कबूल केलं होतं. दिली. कपाट ठेवल्यावर खाटेशेजारून अंग चोरून जावं लागतं, पण दार आहे आणि दाराला कडी आहे. आई आज दिवसभर ती कडी लावून बघत होती.

बुधवार, ६ मार्च

कामाला लागले. कारखाना म्हणायचं, पण आहे एक लांबलचक खोली, मोठ्या खिडक्यांची. लहान मुलांच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांतून इथे इमारतींच्या प्रतिकृती तयार होतात. शाळा, पूल, पाडून टाकलेली घरं, ज्याला जे हवं ते. निम्मं आयुष्य नकाशे काढण्यात गेलं माझं, आणि आता या वयात खेळायचा पगार! आई म्हणते, लहानपणी खेळायचं सोडून घर मोजत फिरायचीस, त्याची भरपाई कर आता. ती मला मोजपट्टी म्हणते. हाक मारतानासुद्धा.

रीत समजून घेतली. ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांना इथे बटणं म्हणतात. एक बटण म्हणजे खऱ्या घरातली एक वीत. अर्धं बटण नसतं. त्यामुळे माप अधलंमधलं आलं की नेहमी कमी धरायचं, जास्त कधीच नाही. मला हे रंगवाल्या ताईंनी सांगितलं. त्या रंगांप्रमाणे ठोकळे निवडतात आणि इथे सगळ्यांत जुन्या आहेत. कमीच का, असं विचारलं तर मास्तरांची रीत आहे एवढंच म्हणाल्या. मास्तर म्हणजे आमचे मालक. ते सध्या एक मोठी प्रतिकृती बसवायला परगावी गेलेत.

दुसरी रीत मापाच्या माणसाची. दारं-जिने कितपत उंच ते कळावं म्हणून एक हसरा प्लॅस्टिकचा माणूस घराबाहेर उभा करतात, पाठ घराकडे. घरात कधीच नाही. एक माणूस आईला दाखवायला घरी आणला. हाताच्या जागी गोल, एका बाजूने उघडे आकडे, पाय म्हणजे दोन सरळ खुंट. आईने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, याला गुडघेच नाहीत, सुखी आहे मेला.

शुक्रवार, ८ मार्च

नव्या माणसाने आधी स्वतःचं राहतं घर करायचं असतं. सगळ्यांची घरं भिंतीवरच्या फळीवर मांडलेली आहेत. मास्तरांचंही आहे, सुबक. फक्त त्यातली एक खोली काळ्या ठोकळ्यांनी गच्च भरून टाकली आहे. ठोकळे जास्त झाले होते का, असं मी हसत विचारलं. ताई हसल्या नाहीत.

मंगळवार, १२ मार्च

घर झालं! आमच्या खिडकीचे निळे गज, नळाखालची मोरी, आईची खाट, आईचं कपाट, सगळं जसंच्या तसं.

एक गंमत झाली. बाहेरची भिंत मी वाढीव मापाने धरली होती, कारण कमी धरली असती तर आईची खिडकी कापावी लागली असती. तिला एवढीशी खोली, त्यातून खिडकीही कापायची? हात धजेना. पण आतल्या खोल्या रीतीप्रमाणे कमी धरल्या, आणि मग शेवटी आईची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दोन बटणं उरली. दोन्हीकडच्या भिंती तर उभ्या राहिल्या होत्या. मोडून पुन्हा करायचं म्हणजे चार दिवसांचं काम पाण्यात. म्हटलं, असू दे, ही जागाही आईलाच. कपाटामागच्या भिंतीत एक उभी फट ठेवली, म्हणजे हिशोबाने तो बोळ तिच्या खोलीचा झाला. हातभर रुंद. आईला सांगितलं तर म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण मनातून खूश झाली.

उंची बघायला मापाचा माणूस भिंतीवर ठेवला होता, तो कुठेतरी घरंगळला. सापडला नाही. डब्यातून दुसरा घेऊन दारासमोर उभा केला.

शनिवार, १६ मार्च

आई मजेत आहे. सकाळी गुणगुणत होती. खालच्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात थांबवून म्हणाल्या की तुमच्या आईंना दुपारची सोबत मिळाली ते बरं झालं, बोलण्याचा आवाज येतो. मी तर कामावर असते. आईला विचारलं तर म्हणाली, भिंतीशी बोलते. भिंतीला कान असतात ना, मग वापरायला नकोत का?

सोमवार, १८ मार्च

आईच्या खोलीतलं कपाट हातभर सरकलेलं आहे. जे चढवायला दोन हमाल लागले ते.

कपाटामागे भिंतीत उभी फट आहे. एक माणूस अंग चोरून जाईल एवढी.

आपण घर घेताना नीट बघितलं नाही, एवढंच असेल, असं मी आधी स्वतःला समजावलं. मग टेप आणली. स्वयंपाकघर मोजलं, आईची खोली मोजली, जिन्यातून बाहेरची भिंत मोजली. बाहेरची भिंत होती तेवढीच आहे. दोन्ही खोल्याही होत्या तेवढ्याच आहेत. आणि मध्ये हातभर जागा आहे. पुन्हा मोजलं. माझ्या मापावर माझा आजवर कधी अविश्वास बसला नव्हता.

आई खाटेवर बसून बघत होती. म्हणाली, एवढी मोजतेस कशाला, तूच तर दिलीस.

मंगळवार, १९ मार्च

आई त्या जागेत जाऊन बसते. रोज. आत गुडघे अजिबात दुखत नाहीत म्हणे. आणि आत कोणीतरी आहे. कोण, तर माहीत नाही, बोलत नाही, हात धरतं आणि हसतं. मनापासून हसतं बिचारं, असं आई म्हणाली.

मी टॉर्च घेऊन फटीत डोकावले. दोन्हीकडे पांढऱ्या भिंती, गुळगुळीत. चुना नव्हे, रंगही नव्हे. नख लावलं तर प्लॅस्टिक. आत कोणी नव्हतं, पण बोळ माझ्या टॉर्चच्या उजेडात संपत नव्हता. मला भीती वाटली. सरळ लिहिते, मला फार भीती वाटली.

कपाट ढकलून पुन्हा जागेवर लावायला गेले. माझ्याने हललं नाही.

गुरुवार, २१ मार्च

आईच्या मनगटावर वळ उठलाय. अर्ध्या कड्यासारखा, गोल, एका बाजूने उघडा. बोटांचे ठसे नाहीत.

कारखान्यात गेल्या गेल्या फळीवरचं घर काढलं आणि खिडकीतून आत बघितलं. हरवलेला माणूस त्या दोन भिंतींमध्ये उभा आहे. पडला असता तर आडवा असता. उभा आहे, तोंड आईच्या खोलीकडे. चिमट्याने काढायला गेले तर तो फटीतून आणखी आत — नाही, माझाच चिमटा लागला असेल.

आईला म्हटलं, भावाकडे जाऊ या थोडे दिवस. ती म्हणाली, व्हरांड्यात?

शनिवार, २३ मार्च

मास्तर परत आले. कोट काढायच्या आधी फळीकडे गेले. माझ्या घराच्या भिंतीवरून अंगठा फिरवला आणि तिथे थांबले. घरी कोण असतं, असं विचारलं. आई, म्हटल्यावर खुर्चीत बसले.

मग त्यांनी सांगितलं. रिकामी ठेवलेली जागा रिकामी राहत नाही. त्यांच्याकडून एकच बटण जास्त झालं होतं, नवीन असताना. त्यांची बायको त्या जागेत गेली. ताई त्यांच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

उपाय एकच आहे. एका बाजूची भिंत काढायची, दोन बटणांची जागा मिटवून टाकायची, भिंतीला भिंत भिडवायची. पण त्या वेळी आत कोणी असता कामा नये. हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

सोमवार, २५ मार्च

सकाळी आईला खाली काकूंकडे बसवून आले. नळाचं काम करायला माणूस येणार आहे, असं खोटं सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला माझं खोटं लगेच कळतं.

कारखान्यातून काकूंना फोन केला. आई समोरच बसली आहे, म्हणाल्या. काम पूर्ण होईपर्यंत तिला वर जाऊ देऊ नका, एवढं मी दोनदा बजावलं. मग भिंत काढली. मापाचा माणूस आत नव्हता. मास्तर म्हणाले, थांबू नको. भिंत सरकवली, दाबली. टक् असा आवाज झाला. मला रडू आलं, सुटल्यासारखं वाटलं.

घरी आले तर काकू दारातच. माझा फोन ठेवल्यावर आईने विचारलं, काय म्हणत होती. काकूंनी सांगून टाकलं की तुम्हाला वर जाऊ देऊ नको म्हणाली. त्यावर आई म्हणाली, मोजपट्टी माझी खोली लहान करतेय. आणि उठली. एवढा जिना त्या भरभर कशा चढल्या, हेच काकूंना कळत नव्हतं.

खोलीला आतून कडी. दार फोडलं. कपाट जागेवर, भिंतीला चिकटलेलं. फट नाही. खाटेजवळ तिच्या चपला.

मंगळवार, २६ मार्च

भिंतीच्या आतून टकटक येते. हळू, थांबून थांबून. मी कान लावला. मोजपट्टी, असं ऐकू आलं. अगं, जागा कमी झाली गं.

गवंडी आणला. त्याने पलीकडून, स्वयंपाकघरातून भिंत फोडली. एकच भिंत, विटांची, आरपार आईच्या कपाटाची पाठ दिसली. आत काहीच नाही. त्याने भोक बुजवलं आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघत निघून गेला. तो गेल्यावर पुन्हा टकटक.

बुधवार, २७ मार्च

मास्तर म्हणतात, उघडू नको. आता उघडशील तर जे येईल ते आई नसेल. त्यांनाही आवाज यायचे. म्हणून त्यांनी खोली काळ्या ठोकळ्यांनी भरून टाकली. मग आवाज थांबला.

आवाज थांबला! बायकोचा आवाज असा भरून टाकला यांनी, आणि मला शिकवतात.

मी प्रतिकृती उचलून घरी आणली. कोणी अडवलं नाही. ताई रडत होत्या.

गुरुवार, २८ मार्च

आईच्या खाटेवर बसून लिहितेय. समोर ठोकळ्यांचं घर. आवाज कालपासून बारीक होत चाललाय. मी तिला दार असलेली खोली कबूल केली होती आणि तिलाच भिंतीत चिणलं. आता दोन बटणं नाही देणार. पाच देते. सहा. ऐसपैस.

दुपार

भिंत काढली. नवी लावली, सहा बटणं सोडून. कपाटामागे पूर्ण दार ठेवलं.

टकटक थांबली.

कपाट सरकतंय — आपोआप — आई आहे, तिचीच साडी — आई! —

बाहेर आली. हसतेय. किती दिवसांनी अशी हसतेय. हाक मारली तर ओ देत नाही, नुसती हसतेय. हसू हलत नाही —

चालतेय. पाय सरळ टाकते, दोन्ही, कमरेतून. टक्. टक्. गुडघे —

मास्तरांनी खोली का भरली ते —

मी ठोकळे उचलायला हवेत, पण ती आई आहे, माझ्या आईचे डोळे — ते रडताहेत, हसऱ्या तोंडावर रडताहेत — तिने हात पुढे केलाय, माझ्या लिहित्या हाताकडे — आई, तुझी बोटं कुठे —