खाटेशेजारचे माणूस

मी, दोआन थी न्यान, वय एकाहत्तर, राहणार हाय फाँग, बंदरामागची गल्ली, धंदा खेकड्याच्या रश्श्यातल्या शेवया विकणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही कान न भरता हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. तसे म्हणणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले आहेत.

१. गल्लीतले माझे दोन खोल्यांचे घर, आतल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यासकट, वू दिन्ह तुयेन याला द्यावे. तो माझ्या नात्यातला नाही. याच हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर आहे. सुईने गर्द घेऊन घेऊन त्याच्या हृदयाच्या झडपेवर जंतू बसले आहेत, आणि घरच्यांनी त्याला केव्हाच बाहेर काढले आहे. आमच्याकडे खाटेशेजारी घरचे माणूस लागतेच. पेज भरवणे, अंग पुसणे, औषधे आणणे सगळे त्यानेच करायचे. ज्याचे कोणी नाही, तो नुसता पडून राहतो. म्हणून त्याच्या सोबतीच्या पासवर माझे नाव आहे. त्याच्याआधीही बऱ्याच जणांच्या पासवर होते.

देव्हाऱ्यात माझा मुलगा बाख याचा फोटो आहे. शेजारी त्याच्यासारख्याच गर्दापायी गेलेल्या, पण मागे कोणी नसलेल्या मुलांचे आहेत. तुयेनने प्रत्येकाच्या तिथीला उदबत्ती लावावी आणि भाताचा वाडगा ठेवावा. बाखला मिरची चालत नसे.

२. पुतण्या खिएम याला मोटारसायकल आणि गावाकडची जमीन. घर का नाही, यावर आमचे बोलणे झालेले आहे.

"काकू, गर्दुल्ल्याला घर देताय? दाराच्या बिजागऱ्यासुद्धा विकून खाईल! निदान अट तरी घाला, व्यसन सुटल्याशिवाय घर नाही म्हणून."

"जो तो त्याला अटच घालत आलाय रे. एक तरी गोष्ट बिनअटीची मिळू दे."

तेव्हा अट नाही. बिजागऱ्या विकल्या तर विकल्या.

३. डॉ. कुओंग यांना माझे प्लास्टिकचे स्टूल. बाख इथेच दाखल होता तेव्हा मी त्यांच्याकडे मेथाडोन, म्हणजे गर्दाची तलफ भागवणारे औषध, मागितले होते. "हे हॉस्पिटल आहे बाई, तुमच्या पोराचा अड्डा नाही," असे ते उभ्या उभ्या म्हणाले. बाखचे अंग मोडून आले, उलट्या सुरू झाल्या, आणि सलाईन उपटून तो घरी आला. घरीच गेला. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिले आहे, स्वतःच्या मर्जीने गेला. त्या ओळीचा राग मला अजून आहे आणि तो मी कोणाला देत नाही, बरोबर नेणार आहे. स्टूल यासाठी की पुढच्या पेशंटशी त्यांनी बसून बोलावे.

आता लोआन सिस्टर रोज सकाळी मेथाडोन आणून खाटेवरच पाजतात. तुयेन पूर्वी दोनदा पळाला होता. या खेपेला टिकला आहे तो त्यामुळे. त्याची जंतूंवरची इंजेक्शने अजून बरीच बाकी आहेत.

४. चटई, थर्मास आणि पेजेचा डबा वॉर्डातल्या सफाईवाल्या थोआकडे राहावा. जो कोणी परक्याच्या सोबतीला बसेल त्याला तिने द्यावा. थोआ, झाकण घट्ट आहे, ठोकून उघडू नकोस.

५. काल माझ्या ऑपरेशनच्या कागदांसाठी विचारले, सोबतीला कोण? खिएमला सुट्टी नव्हती. तेवढ्यात तुयेन सलाईनचा दांडा ढकलत वर आला.

"मी आहे."

खिडकीवरची बाई म्हणाली, "अरे, तूच पेशंट ना?"

"मग? पेशंटला बसता येत नाही? बसण्यात तर माझा हात कोणी धरणार नाही."

नात्यापुढे त्याने 'मुलगा' असे लिहिले. मी खोडले नाही. मला फार बरे वाटले.

६. शेवटचे, आणि हे सर्वांनी नीट वाचावे. मी टेबलावरच गेले, तर तुयेनला लगेच सांगू नये. लोआन सिस्टरांनी आधी त्याला सकाळचे औषध पाजावे. त्याने ते गिळले की मग सांगावे, आणि सांगताना कोणीतरी त्याच्या खाटेशेजारी बसावे. नाहीतर तो उठून जाईल.

घर तुयेनला मिळायचे असल्याने साक्षीदार म्हणून त्याची सही घेतलेली नाही. घराचे त्याला अजून माहीतही नाही.

लिहून देणार: दोआन थी न्यान (सही)

साक्षीदार:
फाम थी लोआन, परिचारिका (सही)
बुई थी थोआ, सफाई कामगार (सही). बसायला मी आहे.

हाय फाँग, १४ ऑक्टोबर २०१९